ऊस की खोडवा? ज्युरीच्या प्रश्नाला एका फौजदारी वकिलाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचा धाकटा भाऊ न्यू जर्सीत असतो, गेल्या वर्षी त्याला तिथलं नागरिकत्व मिळालं आणि आता ज्युरी ड्यूटीचं समन्स आलंय. तो टाळायच्या विचारात आहे. त्यावरून घरात वाद झाला. तुमच्या वडिलांचं म्हणणं, एका न्यायाधीशापेक्षा बारा साध्या माणसांनी दिलेला निकाल बरा, आपल्याकडेही ज्युरी परत आणली पाहिजे. तुमचं म्हणणं, नानावटी प्रकरणानं सिद्ध झालंय की आपल्या लोकांना ते झेपत नाही. बरोबर कोण?

मी एकतीस वर्षं ऊसपट्ट्यातल्या एका जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतोय. बहुतेक वेळ आरोपीच्या बाजूनं, मधली काही वर्षं सरकारतर्फे. ज्युरीसमोर मी कधी उभा राहिलेलो नाही, ते शक्यच नव्हतं. मला सनद मिळाली तेव्हा ज्युरी जाऊन वीस वर्षं झाली होती. पण ज्युरीनं जे काम करायचं असतं, म्हणजे कोण खरं बोलतंय आणि नक्की काय घडलं हे ठरवायचं, ते होताना रोज बघतो. त्यावरून सांगतो की तुम्ही दोघंही चुकीच्या ठिकाणी भांडताय.

आधी नानावटी, कारण ते नाव निघाल्याशिवाय आपल्याकडे हा विषय पुढे सरकत नाही. २७ एप्रिल १९५९. ‘मैसूर’ या युद्धनौकेवरचा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी कमांडर कावस नानावटी याला बायकोनं सांगितलं की प्रेम आहुजा नावाच्या माणसाशी तिचे संबंध आहेत. तो बायकोमुलांना मेट्रो सिनेमाला सोडून बोटीवर गेला. रात्री एकट्यानं गाडी चालवत अहमदनगरला जायचंय, अशी थाप मारून तिथून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या. आहुजाच्या ऑफिसात गेला. तो तिथं नव्हता म्हणून त्याच्या फ्लॅटवर गेला. तीन गोळ्या सुटल्या, आहुजा मेला, आणि हा स्वतःहून पोलिसांकडे हजर झाला.

बचाव असा होता की झटापटीत रिव्हॉल्व्हर उडालं. आहुजा नुकताच आंघोळ करून आलेला, अंगाला फक्त टॉवेल गुंडाळलेला. झटापट झाली असती तर तो टॉवेल जागेवर राहिला असता का, हा सरकार पक्षाचा प्रश्न. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा टॉवेल अजून पाठ असतो. पर्यायी बचाव होता गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभाचा. त्यावर पुढे सर्वोच्च न्यायालयानं घड्याळ दाखवलं: दुपारी दीडला घर सोडलं, चार वीसला खून झाला, मधल्या जवळजवळ तीन तासांत माणूस भानावर येतो.

नऊ जणांच्या ज्युरीनं ८ विरुद्ध १ असा ‘निर्दोष’ कौल दिला. सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांना तो इतका अतर्क्य वाटला की त्यांनी १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम ३०७ चा आधार घेऊन प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. न्यायमूर्ती शेलत आणि नाईक यांनी जन्मठेप दिली, सर्वोच्च न्यायालयानं ती २४ नोव्हेंबर १९६१ रोजी कायम केली.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. त्यातून धडा काढला जातो तो असा की ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकानं नानावटीला नायक करून टाकलं, ज्युरी त्यात वाहून गेली, म्हणून ज्युरी वाईट. पण उच्च न्यायालयाचा निकाल वाचा. त्यात ज्युरीइतकाच न्यायाधीशांच्या मार्गदर्शनावर आक्षेप आहे. ज्युरी आत विचार करायला जाण्याआधी न्यायाधीश तिला कायदा समजावून सांगतात. मृत्यू अपघातानं झाला असं आरोपी म्हणत असेल, तर त्या अपवादाचा भार त्याच्यावर असतो. हे आणि आणखी काही मुद्दे ज्युरीला नीट सांगितलेच गेले नव्हते. नऊ साध्या माणसांना अपुरा कायदा सांगायचा आणि मग त्यांना कायदा कळला नाही म्हणायचं, यात मला काही अर्थ दिसत नाही.

आणि शेवट काय झाला? १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटीला माफी दिली. ज्युरीनं पुढच्या दारानं बाहेर काढलेला माणूस कोर्टानं पुन्हा आत नेला आणि सरकारनं मागच्या दारानं सोडला.

आणखी एक गैरसमज जाता जाता काढून टाकतो. नानावटीमुळे ज्युरी गेली, हे खरं नाही, आणि तो देशातला शेवटचा ज्युरी खटलाही नव्हता. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगानं १९५८ च्या चौदाव्या अहवालातच ज्युरी बंद करा अशी शिफारस केली होती, म्हणजे गोळ्या सुटण्याच्या आधी. नानावटीनंतरही कलकत्त्यात ज्युरीपुढे खटले चालत होते. १९७३ ची नवी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ ला लागू झाली तेव्हा ज्युरी पूर्णपणे गेली. अपवाद एकच, पारशी विवाह न्यायालय. १९३६ च्या कायद्याप्रमाणे पारशी जोडप्याच्या घटस्फोटाच्या दाव्यात न्यायाधीशाच्या मदतीला समाजातलेच प्रतिनिधी बसतात. आधी सात असत, १९८८ च्या दुरुस्तीनंतर पाच. मुंबई उच्च न्यायालयाच्या इमारतीत हा ज्युरीचा शेवटचा अंश अजून शिल्लक आहे, आणि मुंबईत आयुष्य काढलेल्या कित्येक वकिलांनीही तो पाहिलेला नसतो.

ज्युरीबद्दल मराठी माणसानं बोलायचं तर नानावटीच्या आधी टिळक आठवायला हवेत. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात नऊ ज्युरर होते, सहा युरोपियन आणि तीन हिंदी. कौल ६ विरुद्ध ३, आणि कुठले सहा नि कुठले तीन हे सांगायला नकोच. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला सांगितलेला कायदा असा होता की राजद्रोहाच्या कलमातली ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव. सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा! अठरा महिने सक्तमजुरी झाली.

१९०८ चा खटला मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ‘केसरी’तले दोन अग्रलेख, ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. सरकारनं खास ज्युरी मागितली. टिळकांनी आक्षेप घेतला तो रंगावर कमी आणि भाषेवर जास्त होता: लेख मराठीत आहेत, आणि खास ज्युरीत बहुसंख्य असे लोक येणार ज्यांना मराठी येत नाही. न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी तो मानला नाही. (हेच दावर १८९७ साली बॅरिस्टर म्हणून टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले होते. आमच्या व्यवसायात असं होतं.) सात युरोपियन आणि दोन पारशी बसले. ज्या लेखांवरून माणसाला काळ्या पाण्यावर पाठवायचं, ते लेख मुळातून वाचू न शकणारी ज्युरी. तिच्यासमोर होतं ते सरकारी भाषांतर.

टिळकांनी वकील दिला नाही. सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी त्यांनी स्वतः घेतली, एकेक शब्द धरून: या शब्दाचा अर्थ हाच का, दुसरा होऊ शकतो की नाही, तुम्ही हाच का निवडलात. मग त्यांनी ज्युरीपुढे जे भाषण केलं ते एकवीस तासांहून जास्त चाललं, काही दिवस. त्यातला मोठा भाग शब्दांवर आणि भाषांतरावर आहे. नऊ माणसांना मराठी शिकवायचाच तो प्रयत्न होता म्हणा ना. २२ जुलैच्या रात्री ७ विरुद्ध २ असा कौल आला आणि सहा वर्षं मंडालेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या मधल्या कोर्टाबाहेर त्यांचे त्या रात्रीचे उद्गार कोरलेली पाटी आहे, १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी बसवलेली. ज्युरीचा कौल काहीही असो, मी निर्दोष आहे, अशी त्या उद्गारांची सुरुवात. वकिलीच्या सुरुवातीला मी त्या पाटीपुढे अभिमानानं उभा राहिलो होतो. हल्ली तिथून जाताना भाषांतरकार आठवतो.

का आठवतो ते माझ्याच एका खटल्यावरून सांगतो. गाव, वर्ष, नावं देत नाही.

बांधाच्या भांडणातून खून. प्रत्यक्ष पाहणारा कोणी नाही. सरकारचा सगळा भर एका कोयत्यावर होता. आरोपीनं पोलीस कोठडीत निवेदन दिलं, दोन पंचांसमोर, आणि शेतातून कोयता काढून दिला, असं प्रकरण. रक्ताचा अहवालही जुळत होता. पंचांपैकी एक प्राथमिक शाळेतले गुरुजी. पंचनामा मार्चमधला. कोर्टात गुरुजींची साक्ष झाली तेव्हा सात वर्षं उलटली होती.

पंचनाम्यात हवालदारानं लिहिलं होतं, ‘सदर इसमाने उसाच्या शेतातून कोयता काढून दिला.’ सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलांच्या प्रश्नांना उत्तर देताना, गुरुजींनी तेच सांगितलं, शांतपणे, डोळ्याला डोळा भिडवून. माणूस खरा होता. सही ओळखली, कोयता ओळखला, लाखेचं सील, चिठ्ठीवरची सही, सगळं. मी उलटतपासाला उभा राहिलो आणि विचारलं, ऊस कसा होता गुरुजी?

‘चांगला उंच होता साहेब. डोक्याच्या वर.’

मी कारखान्याची तोडणीची पावती काढली. त्या गटातला ऊस जानेवारीतच तुटून गेला होता. पंचनाम्याच्या दिवशी तिथं खोडवा होता, गुडघ्याएवढा. ज्यांच्याकडे ऊस नाही त्यांच्यासाठी सांगतो: ऊस तोडला की त्याच खोडांना पुन्हा फूट येते, तो खोडवा. आमच्याकडे लहान पोरगंही उसाला ऊस म्हणतं आणि खोडव्याला खोडवा. पण हवालदार बाहेरच्या जिल्ह्यातला होता, त्यानं लिहिलं ‘ऊस’. गुरुजी त्या रस्त्यानं वर्षानुवर्षं शाळेला जात होते, वर्षातले बरेच महिने तिथं ऊस उभाच असायचा, त्यांच्या आठवणीनं तो उभा केला. खोटं कोणीच बोललं नव्हतं.

न्यायाधीश कोकणातून बदलून आलेले. त्यांना पंच सांगतो डोक्याएवढा ऊस आणि कागद सांगतो ऊस तुटलेला, एवढंच दिसलं. सरकारी वकिलांना फेरतपासात एकच प्रश्न विचारायचा होता, ‘गुरुजी, तिथं खोडवा होता का?’ पण त्यांच्या बोर्डावर त्या दिवशी अकरा प्रकरणं होती, ते पुढची फाइल चाळत होते. दुसरा पंच आधीच फितूर झालेला. जप्ती संशयास्पद ठरली, कोयता गेला, कोयत्याबरोबर रक्त गेलं, आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला.

त्यानं तो कोयता खरंच काढून दिला होता का, मला माहीत नाही. मी विचारलं नव्हतं, विचारत नाही. मी माझं काम केलं आणि पुन्हा तसाच खटला आला तर पुन्हा तेच करीन. गुरुजी मात्र बाहेर व्हरांड्यात भेटले आणि म्हणाले, ‘मी खोटा ठरलो होय?’ मी काहीतरी बोलून कँटीनकडे गेलो.

आता तुमच्या वडिलांची बाजू घेतो. त्या कोर्टात त्या तालुक्यातली बारा माणसं बसली असती, तर? ‘खोडवा’ हा शब्द आत खोलीत पहिल्या मिनिटाला निघाला असता. कुणीतरी म्हणालं असतं, अहो, मार्चमध्ये तिथं खोडवाच असणार, गुरुजींचा गोंधळ झालाय. स्थानिक माणसाला जे कळतं ते बदलून आलेल्या न्यायाधीशाला कळत नाही, हा ज्युरीच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे आणि तो मला मान्य आहे.

पण त्याच बारा माणसांना आणखीही बरंच ठाऊक असतं. आरोपीची भावकी कोणती, मयताची कोणती. सोसायटीच्या निवडणुकीत कोण कुठल्या पॅनेलला होता. कुणाचा ऊस कारखान्यानं वेळेवर नेला आणि कुणाचा वाळवला. आडनाव ऐकलं की जात कळते, आणि जात कळली की पुढचं ऐकून घ्यायची गरज काहींना वाटत नाही. १८९७ चा सहा-तीन रंगाचा होता. आमच्या तालुक्यातला सहा-तीन कशाचा असेल ते मी डोळे मिटून सांगू शकतो. शिवाय ज्युरी कारणं देत नाही. दोषी किंवा निर्दोष, संपलं. न्यायाधीश चुकला तर त्याचं निकालपत्र साठ पानांचं असतं, मी त्यातला परिच्छेद २३ धरून उच्च न्यायालयात भांडू शकतो. ज्युरीच्या बंद खोलीत काय बोललं गेलं त्यावर अपील कसं करणार?

‘पंचमुखी परमेश्वर’ म्हणून जुन्या गोतसभेचे, म्हणजे गावच्या न्यायसभेचे, गोडवे गाणारे भेटतात. पाटलानं नांगराची निशाणी करून महजर (निवाड्याचा कागद) द्यायचा, गावानं निवाडा करायचा, ते दिवस चांगले होते म्हणे. त्याच काळात साक्षीपुराव्यानं उलगडा झाला नाही की रवा दिव्य करायला लावत. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायचा आणि हात भाजला की खोटा ठरायचा. तेही लक्षात असू द्यावं.

तर मुद्दा असा की निकाल देणारा एक असो, नऊ असोत, बारा असोत, त्याच्यापर्यंत जे पोचतं त्यावर तो निकाल देतो. १९०८ ला भाषांतर पोचलं. माझ्या खटल्यात ‘ऊस’ पोचला. आमच्या न्यायव्यवस्थेतला बिघाड मला बहुतेक वेळा निकालात दिसत नाही, त्याच्या बराच आधीच्या कागदात दिसतो.

एक छोटं उदाहरण आणखी. म्हातारी साक्षीदार पिंजऱ्यात सांगते, ‘दिवस कासराभर वर आला हुता.’ कासरा म्हणजे बैलाचा दोर; सूर्य तेवढा वर चढला होता. ही वेळ आहे, आणि तिच्या दृष्टीनं नेमकी आहे. न्यायाधीश स्टेनोला सांगतात, ‘सकाळी साडेसातच्या सुमारास.’ फिर्यादीत ठाणे अंमलदारानं आठ चाळीस लिहिलेलं असतं. झाली विसंगती. जिल्हा न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे, पण ती मराठी म्हणजे ‘सदर’, ‘नमूद’, ‘इसम’ आणि ‘सुमारास’. तिच्यात कासरा बसत नाही. मराठी साक्षीचं मराठीतच भाषांतर होतं, आणि इथं भाषांतरकाराची उलटतपासणी घ्यायची सोय नाही.

म्हणून मी पंचांवर एवढा बोलतो. ज्युरी गेली तरी सामान्य नागरिकाला न्यायाच्या कामात ओढणारं एक कर्तव्य आपल्याकडे शिल्लक आहे, ते म्हणजे पंच होणं. झडती घ्यायची तर त्या भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी हजर हवेत असं कायदा सांगतो. लेखी आदेश देऊन बोलावलं आणि विनाकारण नकार दिला तर तो गुन्हा आहे; आधी भारतीय दंड संहितेचं कलम १८७ होतं, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं २२२. ही झाली आपली ज्युरी ड्यूटी. फरक एवढाच की अमेरिकेत ती यादीतून नाव काढून, समन्स पाठवून, प्रश्न विचारून दिली जाते, आणि आपल्याकडे रस्त्यावरून जाणाऱ्याला ‘ओ, जरा या इकडं’ म्हणून.

आणि माणूस मिळत नाही म्हणून मग ठरलेले पंच. ठाण्यासमोरचा चहावाला, पानटपरीवाला, पोलिसांच्या उपकारात असलेला एखादा. एकाच माणसाची सही मी वेगवेगळ्या प्रकरणांच्या पंचनाम्यांवर पाहिली आहे. कोर्टात तो एकतर पोपटासारखा बोलतो किंवा म्हणतो, ‘सही माझी आहे, मजकूर माहीत नाही, चौकीत बोलावून घेतली.’ आम्हा बचावाच्या वकिलांना हे वाक्य म्हणजे दिवाळी. पंच फितूर झाला म्हणजे खटला पडलाच असं कायद्यात नाही. तपास अधिकाऱ्याची साक्ष विश्वासार्ह असेल तर पंचनामा तिनंही सिद्ध होतो. पण तो अधिकारीही तोवर तीन ठिकाणी बदलून गेलेला असतो आणि फाइल वाचून बोलतो.

महाराष्ट्रात अलीकडे गंभीर गुन्ह्यांत सरकारी कर्मचाऱ्यांना पंच घेण्याची पद्धत पडली आहे. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक. ते सहसा फितूर होत नाहीत, कारण नोकरीचा प्रश्न असतो. पण मग ते ‘स्वतंत्र’ किती, हा प्रश्न मी प्रत्येक वेळी उलटतपासात विचारतोच. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नं झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण सक्तीचं केलंय. हे मला मनापासून पटतं. त्या दिवशी कोणी मोबाइल धरला असता तर गुडघ्याएवढा खोडवा स्वच्छ दिसला असता आणि माझी पावती खिशातच राहिली असती. अर्थात चित्रण सुरू कधी केलं, बंद कधी केलं, मधला तुकडा कुठं गेला, यावर आमची पुढची दहा वर्षं जातील.

सात वर्षांचं काय करायचं, याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. न्यायाधीश कमी, सरकारी वकील कमी, तारखा जास्त. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांप्रमाणे देशातल्या तुरुंगांत दर शंभर कैद्यांपैकी सुमारे शहात्तर जण अजून दोषी ठरलेलेच नाहीत, कच्चे कैदी आहेत. यात ज्युरी आणली तर दर खटल्याला बारा माणसांच्या बारा अडचणींचीही तारीख द्यावी लागेल. म्हणून वडिलांना सांगा, आपल्याकडे ज्युरी परत यावी असं मला वाटत नाही. आणि तुम्हाला सांगतो, लोकांची लायकी नाही हे त्याचं कारण नव्हे.

अमेरिकेबद्दल. तिथं ज्युरी टिकली म्हणून न्याय शुद्ध राहिला असं नाही. लुइझियाना राज्यानं १८९८ च्या घटनेत बारापैकी नऊ मतांवर दोषी ठरवायची सोय केली. हेतू उघड होता, एखाददुसरा काळा माणूस ज्युरीत आलाच तरी त्याचं मत मोजायला लागू नये. टिळकांच्या सहा-तीननंतरचं हे पुढचंच वर्ष. पुढे नवाचे दहा झाले, पण गंभीर गुन्ह्यात प्रत्येक राज्यात एकमतच हवं हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं ते थेट २०२० साली. ज्युरी निवडताना वकिलांना काही नावं कारण न देता वगळता येतात, त्याचा वापर काळ्यांना वगळायला होई. त्यावर १९८६ साली बंधन आलं, तरी तक्रारी संपलेल्या नाहीत. आणि मुळात ज्युरीपर्यंत जातं कोण? त्याच न्यायालयानं २०१२ साली नोंदवलेले आकडे असे की संघराज्याच्या न्यायालयांत दोषी ठरलेल्यांपैकी ९७ टक्के आणि राज्यांत ९४ टक्के लोक गुन्हा कबूल करून तडजोडीत शिक्षा घेतात. म्हणजे तुमच्या भावाला ज्या खुर्चीत बसायचा कंटाळा आलाय, ती खुर्ची फार थोड्या आरोपींच्या वाट्याला येते.

म्हणून त्यानं जावं. निवडीच्या वेळी दोन्ही बाजूंचे वकील किंवा न्यायाधीश प्रश्न विचारतील, पोलिसांवर विश्वास आहे का, घरात कोणी गुन्ह्याला बळी पडलंय का, असे. सुटका व्हावी म्हणून काहीबाही उत्तरं देऊ नयेत, शपथेवर असतात ती. बसला तर घरी येऊन खटल्याबद्दल इंटरनेटवर शोधायचं नाही, बायकोशीही बोलायचं नाही. चर्चेच्या खोलीत साक्षीतलं एखादं वाक्य नक्की काय होतं हे आठवेना, तर चिठ्ठी लिहून न्यायाधीशांकडे ती साक्ष पुन्हा ऐकवायची मागणी करता येते. ती करायला लाजू नये, बाकीचे अकरा घड्याळाकडे बघत असले तरी.

आणि तुम्हाला इथं कधी पोलिसांनी पंच म्हणून बोलावलं तर पळून जाऊ नका. पंचनामा पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका. अक्षर लागत नसेल तर वाचून दाखवा म्हणा. जे पाहिलं नाही ते लिहिलेलं असेल तर तिथंच दुरुस्त करून घ्या. त्याच संध्याकाळी घरी तारीख टाकून चार ओळी स्वतःच्या वहीत लिहा: कुठं गेलो, काय दिसलं, उजेड होता का, आसपास काय होतं, शेतात असाल तर पीक काय आणि केवढं. त्या वेळी स्वतः केलेली नोंद बघून साक्षीत आठवण ताजी करायला कायद्यात परवानगी आहे. ती नोंद मग विरुद्ध बाजूचा वकीलही मागू शकतो, मी तर नक्की मागीन, म्हणून खरं तेवढंच लिहा. कोर्टात जे आठवत नाही ते आठवत नाही म्हणा.

भावाचं राहिलं. समन्सबरोबरची प्रश्नावली मुदतीत भरून पाठवायची, तारीख अडचणीची असेल तर पुढची मागून घ्यायची, आणि त्या दिवसांच्या पगाराचं काय ते ऑफिसात आधीच विचारून ठेवायचं.